एका डॉलरची पायवाट

ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावरून ‘ब्राइट एंजल’ ही पायवाट थेट कोलोरॅडो नदीपर्यंत उतरते. काठाची उंची सुमारे ६,८६० फूट, नदीची जेमतेम २,५००. उतार आधी आणि चढ नंतर, त्यामुळे खरी दमछाक परतताना होते. वाटेत दीड आणि तीन मैलांवर दगडी निवारे आहेत, उन्हाळ्यात तिथे नळाला पाणी असतं, ठिकठिकाणी उष्माघाताचा इशारा देणाऱ्या पाट्या आहेत. नॅशनल पार्क म्हटलं की माणसाचा हात न लागलेला निसर्ग डोळ्यांसमोर येतो. ही वाट मात्र टोल, कोर्टकज्जे आणि विस्थापन यांतून घडली आहे.

मुळात इथे वाट झाली ती भूगर्भातल्या एका भ्रंशामुळे. एरवी दरीच्या कडा भिंतीसारख्या सरळ; इथे मात्र भ्रंशरेषेवर खडक मोडला आणि उतरण्याजोगी घळ तयार झाली. काठापासून साडेचार मैल खाली बारमाही झरे आहेत. हवासुपाई आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या याच घळीतून तिथे उतरत आणि झऱ्यांच्या पाण्यावर मका, घेवडा, भोपळा पिकवत. १८८२ मध्ये सरकारने त्यांची राखीव जमीन म्हणून पश्चिमेकडच्या एका उपदरीतले ५१८ एकर तेवढे ठेवले. झऱ्यांकाठची शेतं त्या हद्दीबाहेर राहिली.

१८९०-९१ मध्ये खनिजाच्या शोधात आलेल्या पीट बेरी आणि राल्फ कॅमेरॉन यांनी साथीदारांसह ही जुनी वाट रुंद केली आणि टोलरस्ता म्हणून तिची सरकारदरबारी नोंद केली. पुढे पैसा मिळाला तो खनिजातून नव्हे, पर्यटकांकडून. १७ सप्टेंबर १९०१ रोजी सांता फे रेल्वेची पहिली प्रवासी गाडी दक्षिण काठावर आली आणि खेचरावरून दरीत उतरणाऱ्यांची रीघ लागली. वाटेचे हक्क तोवर कॅमेरॉनकडे आले होते. त्याने एक डॉलर टोल लावला, शिवाय मोक्याच्या जागांवर खाणपट्ट्यांचे दावे ठोकून ठेवले.

याच वाटेच्या तोंडाशी एल्सवर्थ आणि एमरी या कोल्ब बंधूंनी फोटो स्टुडिओ थाटला. सकाळी खेचरांवर बसून निघालेल्या मंडळींचा फोटो ते काढत. काठावर मात्र फोटो धुण्याजोगं स्वच्छ पाणी नव्हतं. वस्तीचं पाणीच रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. म्हणून फोटोच्या काचा (निगेटिव्ह) पाठीवर टाकून एक भाऊ खेचरांच्या पुढे साडेचार मैल पळत झऱ्यांपर्यंत जायचा, तिथल्या अंधारखोलीत फोटो तयार करायचा आणि तीन हजार फूट चढून, मंडळी परतायच्या आत विक्रीसाठी वर हजर व्हायचा.

१९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दरीला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं, १९१९ मध्ये ती नॅशनल पार्क झाली. कॅमेरॉन हटेना. सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्याच वर्षी तो सिनेटवर निवडूनही आला! टोलवाट तोवर काउंटीकडे गेली होती. १९२४ मध्ये मतदारांनी ती पार्कला विकायला नकार दिला, तेव्हा पार्कने पूर्वेला ‘साउथ कायबाब’ ही स्वतःची बिनटोलाची वाट कड्यात खोदून काढली. अखेर १९२८ मध्ये, काउंटीला मोटाररस्ता बांधून देण्याच्या बदल्यात, ब्राइट एंजल पार्कच्या ताब्यात आली.

टोल गेला, वाट सर्वांना खुली झाली. पण त्याच वर्षी झऱ्याकाठी राहणाऱ्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशाला, बरो नावाच्या गृहस्थाला, पार्कने तिथून घालवून दिलं. ज्यांच्या पावलांनी वाट पडली त्यांनाच निसर्गरक्षणाच्या नावाखाली उठवणं हा उघड अन्याय होता, आणि पार्कच्या इतिहासात तो ठळकपणे सांगितला गेला पाहिजे.

भरपाई व्हायला फार वेळ लागला. १९७५ च्या कायद्याने हवासुपाईंना पठारावरची सुमारे १,८५,००० एकर जमीन परत मिळाली. झऱ्यांच्या जागेला रूढ झालेलं ‘इंडियन गार्डन’ हे नाव जमातीच्या मागणीवरून नोव्हेंबर २०२२ मध्ये बदलून ‘हवासुपाई गार्डन्स’ करण्यात आलं, आणि मे २०२३ मध्ये बरो यांच्या वंशजांच्या उपस्थितीत त्याचा समारंभ झाला. झऱ्यांची ती जागा मात्र अजूनही पार्कच्याच अखत्यारीत आहे. तिथे तंबू ठोकून रात्र काढायची तर ट्रेकरला पार्कचा परवाना काढावा लागतो.