शास्तीची पावती

नकाशे काढण्यात माझी हयात गेली. आमच्या पिंपरीजवळच्या थेरगाव-रहाटणीच्या पट्ट्यात मात्र आधी घर उभे राहते आणि नकाशा मागून येतो.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, तिच्यामागून बजाज, टेल्को. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. शेतांवर संपादनाचे शिक्के पडले, मोबदल्याचे वाद मात्र वर्षानुवर्षे लोंबकळले. घरांची गरज तोवर थांबणार थोडीच! मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या फिटर-टर्नरला शेतकऱ्याने सरळ गुंठा विकला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, त्यामुळे गुंठ्याची खरेदी नोंदवता येईना. मग स्टँपपेपरवर नोटरी, साठेखत, कुलमुखत्यारपत्र. सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचेच.

असे गिऱ्हाईक परवानगीसाठी आले की मी कागदावर आकृती काढून दाखवायचो. अर्धा गुंठा म्हणजे साधारण वीस बाय सत्तावीस. चारी बाजूंनी पाच-पाच फूट सामासिक अंतर सोडायचे म्हटले, तर मध्ये उरते दहा बाय सतरा. गिऱ्हाईक आकृती बघायचे, हसायचे आणि गवंड्याकडे जायचे. स्लॅब पडायचा शक्यतो शनिवार-रविवार बघून, साहेबांना सुट्टी असताना.

पालिकेकडे हत्यारे होती. १९६६ च्या नगररचना कायद्याचे ५३ वे कलम, महापालिका अधिनियमाचे २६० वे. नोटीस दारावर चिकटायची, पंचनामा व्हायचा, कुणी कोर्टातून स्टे आणायचा. श्रीकर परदेशी २०१२ मध्ये आयुक्त झाले तेव्हा हातोडा खरोखर पडू लागला; २०१४ च्या सुरुवातीला त्यांची बदली झाली.

दुसरे हत्यार मला जास्त नामी वाटते. अधिनियमाच्या २६७-अ कलमाने अनधिकृत बांधकामावर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती बसवली. म्हणजे कर एक, दंड दोन, एकूण तिप्पट. आणि तोही दरवर्षी, बांधकाम अनधिकृत आहे तोवर. शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हेही त्याच कलमात लिहिले आहे. लोकांनी हा इशारा वाचला नाही, पावत्या तेवढ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. शिव्या देत भरलेला पैसा, पण घर आपले आहे असे म्हणणारा तोच एक सरकारी कागद!

अखेर उपयोग झाला तो पावत्यांवरच्या तारखांचा. अशी गुंठ्यांवरची घरे नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्याने आधी १ जानेवारी २००१ ची रेघ ओढली होती, ती २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवली. घर त्याआधीचे आहे हे दाखवायला करपावतीसारखा दुसरा पुरावा नाही. माझ्या मते ज्याने परवानगीसाठी वर्षभर टेबले झिजवली तो यात मूर्ख ठरला. पण तेव्हाच्या पगारात अधिकृत घर घेणार कोण होता, हेही मला माहीत आहे. २०२३ मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर शास्ती माफ झाली. बांधकामे आहेत तशीच आहेत.

आता मी उभ्या घरांचे नकाशे काढतो. परवा रहाटणीत एक मोजले, तर जिना शेजाऱ्याच्या हद्दीत दीड फूट शिरलेला. शेजाऱ्याचीही फाईल माझ्याकडेच आहे. त्याची बाल्कनी यांच्या संडासावर येते.