न्यू यॉर्क शहरातील दूरस्थ अध्यापन सवलतीचा वाद (2020–21)

कोविड-19 च्या साथीत न्यू यॉर्कच्या सरकारी शाळा पुन्हा उघडताना झालेला वाद. प्रकृतीमुळे जास्त धोका असलेल्या शिक्षकांना घरून शिकवू द्यायचे का, आणि तसे दिले तर वर्गात कोण उभे राहणार, हा त्याचा विषय. शहर प्रशासन, शिक्षक संघटना आणि मुख्याध्यापक असे तीन पक्ष त्यात होते. सुमारे 11 लाख विद्यार्थी आणि 75 हजार शिक्षकांची ही अमेरिकेतील सर्वांत मोठी शालेय व्यवस्था 16 मार्च 2020 पासून बंद होती. पहिल्या लाटेत शाळांतील अनेक कर्मचारी दगावले होते. त्यामुळे शरद ऋतूत शाळा उघडण्याचा महापौर बिल डी ब्लासिओ यांचा निर्णय शिक्षकांनी सुरुवातीपासूनच संशयाने पाहिला.

सवलतीचा कायदेशीर आधार 1990 चा अपंगत्वविषयक केंद्रीय कायदा (अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट) हा होता. कर्मचाऱ्याच्या शारीरिक स्थितीनुसार कामात वाजवी सोय करून देणे या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. मात्र ती सोय मालकाला फार जड जाता कामा नये आणि कामाचा गाभा बदलता कामा नये. वर्गात उपस्थित राहणे हा शिक्षकाच्या कामाचा गाभा आहे की नाही, हा प्रश्न साथीपूर्वी क्वचितच कोणी विचारला असेल. समान रोजगार संधी आयोगाने साथीच्या काळात यावर वेळोवेळी खुलासे केले. आधी घरून काम करू दिले म्हणून पुढेही ते दिलेच पाहिजे असे नाही, पण तो काळ घरून काम जमते की नाही याची चाचणी म्हणून विचारात घेता येईल, असे आयोगाने सांगितले. नुसत्या वयामुळे सोय मागण्याचा हक्क मिळत नाही. मालकाने आपणहून दिली तर हरकत नाही, असेही स्पष्ट केले. सर्वांत बोचरा खुलासा कुटुंबाबद्दलचा होता. कर्मचारी स्वतः धडधाकट असेल आणि घरात कर्करोगावर उपचार घेणारी पत्नी किंवा म्हातारे वडील असतील, तर त्यांच्यासाठी हा कायदा सोय देत नाही. संसर्ग पसरतो घरभर आणि कायदा पाहतो एकाच देहाकडे, ही विसंगती पुढच्या बऱ्याच भांडणांच्या मुळाशी आहे.

न्यू यॉर्कमध्ये डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करायचा होता. धोका वाढवणाऱ्या आजारांच्या केंद्रीय यादीत मधुमेह, लठ्ठपणा, फुप्फुसांचे जुनाट विकार, अवयव प्रत्यारोपणामुळे घटलेली प्रतिकारशक्ती असे बरेच काही होते. शाळा उघडायच्या सुमारास पाचपैकी एकाहून जास्त शिक्षकांना सवलत मिळालेली होती. या आकड्याने पालक आणि वृत्तपत्रे चकित झाली. मध्यमवयीन नोकरदार वर्गात असे आजार किती असतात हे पाहता चकित होण्यासारखे त्यात फारसे नव्हते.

शिक्षक कमी पडले, त्याचे खापर बरेचदा या सवलतीवर फोडले गेले. ते अर्धेच खरे. सवलत मिळालेला शिक्षक रजेवर नव्हता. ज्या कुटुंबांनी पूर्णतः ऑनलाइन शिक्षण निवडले होते त्यांच्या मुलांना शिकवायला तो उपलब्ध होता, आणि अशी मुले लाखोंनी होती. खरी ओढाताण वेळापत्रकाने केली. उरलेली मुले आळीपाळीने काही दिवस शाळेत आणि काही दिवस घरी, अशी मिश्र पद्धत होती. युनायटेड फेडरेशन ऑफ टीचर्स या संघटनेशी झालेल्या समझोत्यानुसार एकाच शिक्षकावर समोरचा वर्ग आणि पडद्यावरचा वर्ग असा दुहेरी भार टाकायचा नव्हता. मागणी रास्त होती, पण तिचा हिशेब कोणी वेळेवर मांडला नाही. वर्गातल्या मुलांना एक शिक्षक, त्याच तुकडीतल्या त्या दिवशी घरी असलेल्या मुलांना दुसरा, कायम घरी राहणाऱ्यांना तिसरा! शहराच्या स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयाने सुमारे 12 हजार जादा शिक्षक लागतील असा अंदाज दिला. महापौरांनी दोन टप्प्यांत 4,500 देऊ केले.

शाळा उघडण्याची तारीख 10 सप्टेंबरवरून 21 सप्टेंबरवर गेली. पण त्या दिवशी फक्त बालवर्ग आणि विशेष गरजा असलेली मुले आली. प्राथमिक शाळा 29 सप्टेंबरला, माध्यमिक 1 ऑक्टोबरला सुरू झाल्या. दरम्यान, प्रत्यक्ष वर्ग नसलेल्या शिक्षकांना, आजार असो वा नसो, घरून काम करू देण्याचा नवा करार प्रशासन आणि शिक्षक संघटनेने केला. मुख्याध्यापकांना हे असह्य झाले. कोण शाळेत येणार हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हातून गेला, पण इमारत चालवण्याची जबाबदारी मात्र त्यांच्याच गळ्यात राहिली. त्यांच्या संघटनेने 27 सप्टेंबरला महापौरांवर अविश्वास व्यक्त करून शाळांचा ताबा राज्याने घ्यावा अशी मागणी केली. काही माध्यमिक शाळांत मुले वर्गात लॅपटॉप उघडून बसत, शिक्षक घरून शिकवत आणि वर्गातला दुसरा कोणी प्रौढ नुसते लक्ष ठेवी. या प्रकाराला ‘झूम इन अ रूम’ असे नाव पडले.

शहरातील चाचण्यांत बाधितांचे प्रमाण 3 टक्क्यांवर जाताच 19 नोव्हेंबरला सगळ्या इमारती पुन्हा बंद झाल्या. प्राथमिक शाळा 7 डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या, उच्च माध्यमिकला मात्र 22 मार्च 2021 उजाडला.

घरातील आजारी माणसाचा प्रश्न शिकागोत जास्त उघडपणे पेटला. तेथे स्वतः आजारी असलेल्यांना सवलत मिळाली, पण कुटुंबीयांसाठी केलेले बहुतेक अर्ज नाकारले गेले. जानेवारी 2021 मध्ये तेथील शिक्षक संघटनेच्या सदस्यांनी शाळेत न जाता घरूनच काम करण्याचा ठराव मतदानाने मंजूर केला. संपाच्या उंबरठ्यावर फेब्रुवारीत जो समझोता झाला, त्यात अशा घरांतील शिक्षकांसाठीही तरतूद आली. त्याच महिन्यात केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. धोका जास्त असलेल्या शिक्षकांना घरून काम देण्याविषयीचा त्यातील मजकूर अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या राष्ट्रीय महासंघाने सुचवला होता, हे मे महिन्यात बाहेर आले. आरोग्याच्या सूचना संघटना लिहिते की शास्त्रज्ञ, असा गदारोळ झाला. ज्यांच्या कामाबद्दल नियम करायचा त्यांना विचारणे यात गैर काही नाही. ते लपून राहिल्याने मात्र संशयाला जागा मिळाली.

24 मे 2021 रोजी डी ब्लासिओ यांनी सप्टेंबरपासून ऑनलाइन पर्याय राहणार नाही असे जाहीर केले. ऑनलाइन वर्गच नसल्यावर घरून शिकवण्याच्या सवलतीला आधार उरला नाही. वाद मग लसीकडे वळला. शिक्षकांना लस सक्तीची करताना शहराने वैद्यकीय अपवादांना जागा ठेवली नव्हती. 10 सप्टेंबरला लवादाने निर्णय दिला, की वैद्यकीय किंवा धार्मिक कारण मान्य झालेल्या शिक्षकांना वर्गाबाहेरचे काम द्यावे. सक्ती 4 ऑक्टोबर 2021 पासून अमलात आली.