पाणी किती फुटावर?

जुलै महिन्यात कोल्हापुरात कुणी भेटलं की "कसा आहेस" हे नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, "पाणी किती फुटावर?" उत्तरही सगळ्यांना पाठ असतं. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. आमचं घर शिवाजी पेठेत, उभा मारुती चौकाच्या अलीकडे. आमच्या दारात पुराचं पाणी येत नाही. पण आत्या शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूला राहते, त्यामुळं आबा दिवसातनं दहा वेळा तरी विचारतातच.

मंडळी, आजचा विषय पूर नाही. विषय आहे क्लाउडवरचे डेटाबेस क्लस्टर आणि त्यांची माहिती काढण्याचा इतिहास. (थांबा, लगेच पान बंद करू नका!) पण हा विषय मला नीट कळला तो पुराच्याच दिवसांत.

२०२४ च्या जुलैमधला शेवटचा शनिवार. पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडलेली, मी पुण्याहून घरी आलेलो, आणि सकाळी दहाला मॅनेजरचा फोन.

"अरे, आपले डेटाबेस क्लस्टर एकूण किती आहेत?"

"सर, शीटमध्ये चौदा आहेत."

"शीटमध्ये किती ते नको सांगू. आहेत किती?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि घाई खरी होती. ॲमेझॉनच्या आरडीएस ह्या डेटाबेस सेवेतल्या सर्व्हरना ओळख पटवण्यासाठी एक सर्टिफिकेट लागतं. २०१९ च्या पिढीतल्या सर्टिफिकेटची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपणार होती. जे ॲप्लिकेशन कनेक्शन जोडताना सर्टिफिकेट तपासतं, ते मुदत संपल्यावर कनेक्शन नाकारणार. म्हणजे डेटाबेस धडधाकट, पण दार बंद. बदलायचं कुठं कुठं हे कळायला आधी आपल्याकडे काय काय आहे ते कळायला हवं.

आता थोडं मागे जाऊ.

सर्व्हर सांभाळण्याच्या ऑटोमेशनची गोष्ट साधारण १९९३ पासून सांगतात. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं सीएफइंजिन लिहिलं. कल्पना अशी, की मशीनला "हे कर, मग ते कर" असं सांगायचं नाही. "तू अशी असली पाहिजेस" एवढंच लिहून ठेवायचं. मशीन तशी नसेल तर सीएफइंजिन तिला तिथं आणून सोडणार.

आपल्याकडे ह्याचं उत्तम उदाहरण आहे राधानगरी धरण. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर सुरू केलेलं हे काम. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजा आपोआप उघडतो, खाली आलं की मिटतो. कुणी बटण दाबत नाही. सीएफइंजिन म्हणजे हेच.

म्हणजे कोल्हापूरच्या पाण्याच्या दोन गोष्टी झाल्या. राधानगरीचा दरवाजा काहीतरी *करतो*. राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी फक्त *सांगते*. ती वाचल्यानं नदी एक इंचही हलत नाही. ऑटोमेशनच्या दुनियेत आधी सगळ्यांनी दरवाजे बांधले. मोजपट्टीला स्वतंत्र जागा मिळायला बरीच वर्षं गेली.

तशी मोजपट्टी होती, पण दरवाजाच्या पोटात. २००५ मध्ये ल्यूक केनीसनं पपेट आणलं. त्याच्या जोडीला फॅक्टर नावाचा छोटा प्रोग्राम होता. तो मशीनवर बसून तिची माहिती सांगायचा: ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, मेमरी किती, आयपी ॲड्रेस काय. ह्या माहितीला 'फॅक्ट्स' म्हणायला लागले. २०१२ मध्ये मायकेल डीहाननं ॲन्सिबल आणलं. (हा शब्द मूळचा उर्सुला ले ग्विन ह्या लेखिकेनं १९६६ मध्ये एका विज्ञान कादंबरीत वापरलेला. कितीही दूरच्या ग्रहाशी क्षणात बोलता येणारं यंत्र!) ॲन्सिबलला मशीनवर काही बसवावं लागत नाही. तो बाहेरून लॉगिन करतो, फॅक्ट्स गोळा करतो आणि कामाला लागतो.

ह्या सगळ्यामागं एक गृहीतक होतं, की मशीनची माहिती मशीनमध्ये शिरून मिळते. क्लाउडनं नेमकं तेच मोडलं.

ऑक्टोबर २००९ मध्ये ॲमेझॉननं आरडीएस सुरू केलं. डेटाबेस तुमचा, पण तो ज्या मशीनवर चालतो तिथं तुम्हाला लॉगिनच नाही. फॅक्टर बसवायचा कुठं? मग उरतो एकच मार्ग. ॲमेझॉनच्या एपीआयला विचारायचं, "माझ्या नावावर काय काय आहे?"

त्यात २०१५ च्या जुलैत ऑरोरा सर्वांसाठी खुलं झालं आणि 'क्लस्टर' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आला. एक लिहिणारा सर्व्हर, त्याच्यासोबत फक्त वाचणारे पंधरापर्यंत सर्व्हर, आणि खाली सगळ्यांची मिळून एक साठवण, जिच्या सहा प्रती तीन वेगवेगळ्या झोनमध्ये असतात. लिहिणारा पडला की वाचणाऱ्यांपैकी एक त्याची जागा घेतो, रात्री तीन वाजतासुद्धा. काल संध्याकाळी एक्सेलमध्ये लिहिलेलं 'हा मुख्य सर्व्हर' सकाळी खोटं ठरू शकतं. म्हणजे एकदा विचारून लिहून ठेवणं पुरेसं नाही. लागेल तेव्हा पुन्हा विचारता आलं पाहिजे.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला तुकडा. ॲमेझॉनच्या एपीआयमध्ये पहिल्यापासून क्रियापदं वेगळी आहेत. 'डिस्क्राइब' म्हणजे फक्त सांग, 'मॉडिफाय' म्हणजे बदल, 'डिलीट' म्हणजे काढून टाक. पण ॲन्सिबलच्या जुन्या आरडीएस मॉड्यूलमध्ये हे सगळं एकाच पोतडीत होतं. कमांडच्या जागी 'फॅक्ट्स' लिहिलं की माहिती मिळणार, 'डिलीट' लिहिलं की डेटाबेस जाणार. मॉड्यूल तेच, फरक एका शब्दाचा! बंधाऱ्यावरची मोजपट्टी आणि धरणाचा दरवाजा एकाच दांड्याला जोडल्यासारखं.

हळूहळू माहिती विचारणारी मॉड्यूल वेगळी झाली, पण त्यांच्या नावात 'फॅक्ट्स' राहिलं. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या २.९ आवृत्तीत अशा बऱ्याच मॉड्यूलच्या नावातलं 'फॅक्ट्स' जाऊन 'इन्फो' आलं. वरवर पाहता फक्त बारसं. पण कारण पक्कं होतं. फॅक्ट्स म्हणजे एका विशिष्ट मशीनबद्दलची माहिती. ती त्या मशीनच्या खात्यावर चिकटून राहते. क्लाउडमधली क्लस्टरची यादी कुठल्याच एका मशीनची नसते. ज्यानं विचारलं त्याला उत्तर द्यायचं आणि बाजूला व्हायचं. तो 'इन्फो'. पुढं क्लस्टरसाठी असं स्वतंत्र मॉड्यूलही आलं, आणि त्या शनिवारी तेच माझ्या कामी येणार होतं.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, आम्ही टेराफॉर्म वापरतो, त्याला सगळं माहीत असतं. २०१४ मध्ये आलेलं टेराफॉर्म आपण काय काय बांधलं ह्याची नोंद एका स्टेट फाईलमध्ये ठेवतं. पण ही फाईल म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर ऊस लिहिलेला असतो आणि रानात जाऊन बघावं तर नुसती कुसळं! म्हणूनच पीक पाहणी असते, आणि ऑगस्ट २०२१ पासून ती शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून मोबाईलवर करायची सोय झाली. टेराफॉर्मही बदल करण्याआधी नोंदीतल्या प्रत्येक गोष्टीची पाहणी करून घेतं. मात्र जे त्याच्या नोंदीत कधी आलंच नाही, कुणीतरी हातानं वेबसाईटवर जाऊन बनवलं, त्याच्याकडे ते बघतही नाही.

असो. त्या शनिवारी मी मॉड्यूल चालवलं. उत्तर आलं तेरा. शीटमधला एक क्लस्टर कधीच काढून टाकलेला निघाला. बरं वाटलं, चहा घेतला. आबांनी आत येऊन विचारलं, "किती फुटावर हाय रं?" मी मोबाईल बघून आकडा सांगितला. ते म्हणाले, "ह्यो बावड्याचा झाला. राधानगरीचं बघितलास काय? दरवाजं उघडल्यात का? वरनं काय येतंय ते बघायला नको?"

माझा चहा तसाच राहिला. मी फक्त मुंबईला विचारलं होतं!

ॲमेझॉनचा एपीआय ज्या रीजनला विचाराल तेवढ्यापुरतंच उत्तर देतो. मुंबई रीजन सुरू झालं जून २०१६ मध्ये. त्याआधी आपल्याला जवळचं म्हणजे सिंगापूर, २०१० पासूनचं. आमच्या कंपनीतली सगळ्यात जुनी टीम त्या सिंगापूरच्या काळातली. मुंबई आल्यावरही त्यांच्या स्क्रिप्टमध्ये डिफॉल्ट सिंगापूरच राहिलं होतं. मग प्रत्येक रीजनवर लूप लावला. तेराचे सतरा झाले. चारही जास्तीचे सिंगापूरमध्ये, आणि ज्यानं ते बनवले तो मुलगा दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेला.

आणखी एक खाच. हे सर्टिफिकेट ऑरोरात क्लस्टरवर नसतं, त्याच्या आतल्या प्रत्येक सर्व्हरवर असतं. म्हणून आधी क्लस्टरची यादी, तिच्यातनं सदस्यांची नावं, मग एकेका सदस्याला पुन्हा विचारणं. शिवाय हाच प्रश्न विचारला की डॉक्युमेंटडीबी आणि नेपच्यून ह्या दुसऱ्या सेवांचे क्लस्टरही उत्तरात येऊ शकतात. ते इंजिनाच्या नावावरून चाळून घ्यावे लागतात. आणि हे सगळं मी फक्त 'डिस्क्राइब'ची परवानगी असलेल्या चावीनं केलं. दमलेल्या डोळ्यांनी काहीही चुकीचं टाईप केलं असतं तरी एकही क्लस्टर हलला नसता. ह्याचं महत्त्व त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी यादी तयार झाली. सिंगापूरमधल्या चारपैकी तिघांवर जुनंच सर्टिफिकेट होतं. त्यातल्या एकावर एका ग्राहकाचे महिनाअखेरचे पेमेंट रिपोर्ट चालत होते. शीटवर भरवसा ठेवला असता तर ऑगस्टअखेर ते बंद पडले असते, आणि बंद का पडले हे शोधायला आम्ही मुंबईतच चाचपडत बसलो असतो.

त्यानंतर आम्ही ती एक्सेल शीट बंद केली. आता दर सोमवारी सकाळी सगळ्या रीजनना आपोआप विचारलं जातं, आणि मागच्या आठवड्यापेक्षा काय वेगळं दिसलं तेवढंच मेलमध्ये येतं. सिंगापूरमधल्या चौथ्या क्लस्टरला मात्र अजून कुणी वाली मिळालेला नाही. बंद करायचा धीर होत नाही, म्हणून तो दर सोमवारी यादीत येतो.

आत्याच्या घराच्या पायरीला पाणी लागलं होतं, आत आलं नाही. आबांनी त्या रात्री झोपण्याआधी दोन्ही आकडे विचारले, बावड्याचा आणि राधानगरीचा.