चकमकीची बंदूक

चकमकीचा दगड पोलादावर आपटून उडालेल्या ठिणगीने दारू पेटविणारी व तोंडाकडून भरावयाची बंदूक. उत्तर हिंदुस्थानात तिला ‘पत्थरकला’ म्हणत. ही रचना सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये सिद्ध झाली व पुढे सु. दोनशे वर्षे प्रचारात राहिली. बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. मळसूत्री खाचांची रायफल अधिक अचूक, पण भरण्यास वेळ लागणारी असल्याने ती निवडक शिपायांनाच मिळे. ब्रिटिश लष्कराने १८०० मध्ये स्वीकारलेली बेकर रायफल या प्रकारची होय.

चाप ओढताच घोड्याच्या जबड्यातील दगड समोरच्या पोलादी झडपेवर आपटतो. दगड पोलादाहून कठीण असल्याने पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जाऊन पेट घेतात. त्याच वेळी झडप मागे सरून खालची वाटी उघडी पडते, तीतील रंजक पेटते आणि जाळ कान्यातून, म्हणजे नळीच्या बुडाजवळील छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत पोहोचतो.

या सर्व क्रियेचे यश दगडाच्या बसवणीवर अवलंबून असते. दगड निसटू नये म्हणून तो चामड्याच्या किंवा शिशाच्या पातळ पट्टीत गुंडाळून जबड्यात धरतात व मळसूत्र आवळतात. त्याची धार झडपेच्या पृष्ठाशी समांतर हवी. ती तिरपी असल्यास एकच कोपरा घासला जातो व ठिणग्या थोड्या पडतात. घोडा अर्धा चढविलेला असताना बंद झडप व धार यांत थोडे अंतर राहावे लागते. आघात झडपेच्या वरच्या भागावर व्हावा, म्हणजे धार खालपर्यंत घासत जाते आणि ठिणग्या नेमक्या वाटीत पडतात. काही बारांनंतर पट्टी दबून दगड सैल होतो, तेव्हा मळसूत्र पुन्हा आवळावे लागते. बोथट धार हलक्या ठोक्यांनी टवके काढून ताजी करतात. झिजून आखूड झालेला दगड बदलावाच लागे. बार फुकट गेला, तर समोर शत्रू असताना शिपायाच्या हाती केवळ संगीन उरे.

मराठी फौजांत तोड्याची बंदूक दीर्घकाळ टिकली. जळती जामगी सुती दोरापासून गावोगावी करता येई. चकमकीच्या बंदुकीला मात्र एकसारख्या घडविलेल्या दगडांचा अखंड पुरवठा लागे. दख्खनच्या बेसाल्टी पठारावर खडूच्या थरांतील चकमक नाही. बेसाल्टच्या पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडनी व गार मिळतात आणि त्यांनीही ठिणगी पडते. परंतु इंग्लंडमधील ब्रँडन येथे बंदुकीचे दगड घडविण्याचा जसा मोठा धंदा उभा राहिला, तसा येथे राहिला नाही. महादजी शिंदे यांनी डी बॉयनच्या हाताखाली उभारलेल्या कवायती पलटणींत मात्र या बंदुका होत्या.

दमट हवा हा दुसरा अडसर होय. कोल्हापूर भागात पन्हाळा, विशाळगड, गगनबावडा या घाटमाथ्यावरील ठिकाणी पावसाळा प्रखर असतो. ओलसर रंजक उत्तम ठिणगीनेही पेटत नाही आणि ओल्या पोलादावर ठिणगीच नीट पडत नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) गडावरील दारूखाना कोरडा राखण्याची आणि पावसाळ्यात तोफांच्या कान्यांत मेण भरण्याची ताकीद आहे. करवीर राज्याच्या या अमात्यांची जहागीर बावड्याची होती. तेथील पावसाचा अनुभव ध्यानी घेता ही दक्षता सार्थ वाटते. शस्त्र कोणतेही असो, त्याचा बार निगेवरच अवलंबून होता.

१८०७ मध्ये अलेक्झांडर फॉरसिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याच्या वापराचे एकस्व घेतले. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली आणि ब्रिटिश लष्कराने १८३९ नंतर टोपीची बंदूक स्वीकारली. १८५७ मध्ये जिच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, ती एन्फील्ड रायफल टोपीचीच होती. चकमकीची बंदूक तेव्हा मागे पडली होती. दगडाची जागा टोपीने घेतल्याने धार लावणे, पट्टी आवळणे व रंजक जपणे ही शिपायाची कामेही सरली.