उरल्याचे पासबुक

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधला बिहारी किंवा ओडिया कामगार दावा घेऊन आला की मी आधी पासबुक मागायचो. तो बँकेचं काढायचा. मला हवं असे दुसरंच: १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं ठेकेदाराला द्यायला लावलेलं, फोटो चिकटवलेलं. शिवाय अर्ध्या महिन्याचा पगार, निदान ७५ रुपये, विस्थापन भत्ता. ओडिशातल्या ‘दादन’ मजुरांच्या हालांतून हा कायदा आला. ते पासबुक मात्र क्वचितच दिसे. मग गेटपास, हजेरीकार्ड, मिळेल ते जोडायचं.

याच पट्ट्यातल्या ठेका कामगारांना शंकर गुहा नियोगींनी संघटित केलं. २८ सप्टेंबर १९९१ला भिलाईत, झोपेतच त्यांना गोळी घातली गेली. त्यांच्या संघटनेत काम करता करता सुधा भारद्वाज चाळिशीच्या उंबरठ्यावर, २००० साली वकील झाल्या. जन्मानं मिळालेलं अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी कधीच सोडलं होतं.

१९८२च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनाहून कमी मजुरीला वेठबिगारी ठरवलं. त्या निकालाचा आधार असलेलं संविधानाचं कलम २३ मी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घालतो.