राजाचा गुन्हा, जल्लादाचा चेहरा

राजघराण्यांतील सत्तासंघर्षावर जे ऐतिहासिक भयपट निघाले, त्यांत प्रेक्षकाने कोणाला भ्यायचे हे आधीच ठरलेले असते. युनिव्हर्सल कंपनीचा, रोलंड ली यांनी दिग्दर्शित केलेला 'टॉवर ऑफ लंडन' (१९३९) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. विषय पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या गादीचा. ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड आपल्या आणि सिंहासनाच्या मध्ये असलेल्या एकेकाला दूर करतो. त्याच्याजवळ एक बाहुलीघर आहे. माणूस मेला की त्याची बाहुली तो आगीत टाकतो.

आणि माणसे मारण्यासाठी मॉर्ड आहे. बोरिस कार्लोफने उभा केलेला हा जल्लाद टकला, वाकड्या पायाचा, कुऱ्हाडीला धार लावणारा. क्लॅरन्सच्या ड्यूकला दारूच्या पिंपात बुडवताना रिचर्डही हात लावतो, नाही असे नाही. पण अंगावर काटा येतो तो मॉर्डला पाहून. रिचर्डला तो देव मानतो. मला एकदा लढाईवर न्या, अशी विनवणी तो करतो, कारण रक्त तापलेले असताना मारणे कसे असते हे त्याला ठाऊकच नाही. आजवर त्याने फक्त हुकमाने मारले आहे! एवढ्या एका प्रसंगात व्यवस्थेचे सारे रहस्य आहे, पण चित्रपट तिथे थांबत नाही.

इतिहासात मॉर्ड नाही. तो पटकथेतला. इतिहासात काय आहे? १४८३च्या एप्रिलमध्ये चौथा एडवर्ड मेला. त्याची बारा आणि नऊ वर्षांची दोन मुले टॉवरमध्ये ठेवली गेली आणि त्या उन्हाळ्यानंतर ती कोणाला दिसली नाहीत. गादी त्यांच्या काकाला, म्हणजे रिचर्डला मिळाली. ती कुऱ्हाडीने नव्हे, कागदाने मिळाली. मुलांच्या आईबापांचे लग्नच बेकायदा, म्हणून मुले अनौरस, असे ठरवण्यात आले आणि १४८४ साली पार्लमेंटने त्यावर शिक्का मारला. २२ ऑगस्ट १४८५ला बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला. नव्या राजाला, सातव्या हेन्रीला, त्याच मुलांच्या बहिणीशी लग्न करायचे होते. मग तो कायदा रद्द झाला, त्याच्या प्रती जाळण्याचा हुकूम निघाला आणि १४८६ साली लग्न लागले. ज्यांच्यावर जन्माचा शिक्का पिढ्यान् पिढ्या ईश्वरी म्हणून मारला गेला, त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. राजरक्ताची शुद्धता दोन वर्षांत गेली आणि परतही आली.

शरीराचेही तसेच. शेक्सपिअरने रिचर्डला कुबड आणि वाळलेला हात दिला, म्हणजे पाप देहावरच दिसावे. २०१२ साली लेस्टर शहरातील एका मोटारतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला होता, पण हात धड होता. १९३९च्या चित्रपटात बॅसिल रॅथबोनचा रिचर्ड चांगला देखणा आहे. कुरूपता खाली, मॉर्डकडे सरकवली गेली आहे.

१९६२ साली रॉजर कॉर्मनने याच नावाचा चित्रपट काढला. जुन्या चित्रपटात पिंपात बुडालेला व्हिन्सेंट प्राइस इथे रिचर्ड झाला. मॉर्ड नाहीसा झाला, भुते आली आणि राजाला छळू लागली. म्हणजे आता राजाला सदसद्विवेकही मिळाला. मॉर्डच्या स्वप्नात मात्र कधी कोणी आले नव्हते. (आपल्याकडे १७७३च्या नारायणराव पेशव्याच्या खुनाची भुताटकी अजून शनिवारवाड्यात सांगतात. त्या गोष्टीतही गारदी येतात ते फक्त तलवार घेऊन.)

ही खोड चित्रपटवाल्यांनी शोधलेली नाही. टॉमस मोअरने घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी, ट्यूडरांच्या राज्यात, रिचर्डचा इतिहास लिहिला. त्याच्या मते खुनाचे काम सर जेम्स टिरेलकडे होते. पण टिरेल सरदार. त्याने उशांनी मुलांचे श्वास कोंडण्याचे काम माइल्स फॉरेस्ट आणि जॉन डायटन या दोघांकडून करून घेतले. डायटन टिरेलचे घोडे सांभाळणारा. टिरेलचा शिरच्छेद १५०२ साली झाला, तो वेगळ्याच राजद्रोहासाठी. डायटनबद्दल मोअर एवढेच नोंदवतो की तो अजून जिवंत हिंडतो आहे आणि मरण्याआधी त्याला फाशी होण्याचा बराच संभव आहे.