उशाशी बसायला जागा



टिटवाळ्यात राहणाऱ्या बाईला बसण्याची किंमत कुणी सांगायला नको. टिटवाळ्याहून सुटणारी लोकल मिळाली तर खिडकी. कसाऱ्याहून, आसनगावहून भरून आलेली मिळाली तर चौथी सीट. अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर, मांडीवर पर्स आणि तोंडात एकच वाक्य, "ताई, जरा सरकता का?" तेवढी जागा मिळाली तरी आपण कल्याण येईपर्यंत खूश असतो.

आज मी ज्या बसण्याबद्दल बोलणार आहे ते मात्र गाडीतलं नाही, दवाखान्यातलं आहे.

काही वर्षांपूर्वी सासूबाईंना गुडघ्याच्या दुखण्यासाठी एका मोठ्या रुग्णालयात नेलं होतं. केसपेपर काढला आणि त्यांना बाकड्यावर बसवलं. बाकडं खुजं होतं, हात टेकायला काही नव्हतं. त्या बसल्या खऱ्या, पण दोन तासांनी नंबर पुकारला तेव्हा त्यांना उठता येईना. मी एका हाताला, एक अनोळखी मुलगी दुसऱ्या हाताला, असं करून उभं करेपर्यंत पुढचा पेशंट आत गेला होता. सासूबाई ओशाळून म्हणाल्या, "मी बसायलाच नको होतं गं."

पुढे त्यांना दाखल केलं. त्यांना खाट मिळाली. मला पाठ नसलेलं एक लोखंडी स्टूल मिळालं. तिसऱ्या रात्री मी खाटेखाली चादर टाकून आडवी झाले. सिस्टरना खुर्ची मागितली तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "नातेवाइकांसाठी खुर्ची नसते हो, ताई. आम्हालासुद्धा कुठे बसायला मिळतंय?"

त्यांचं खरंच होतं. पण माझ्या मनात प्रश्न राहिला. रुग्णालय केवढं हे आपण खाटांवर मोजतो. पन्नास खाटांचं, शंभर खाटांचं. खुर्च्या कुणी मोजल्यात का? आणि आपल्या भाषेत तर आजारपण काढणं म्हणजेच बसणं! "आईजवळ कोण बसलंय?" असं आपण विचारतो. उशाशी बसणं, पायथ्याशी बसणं, रात्रभर बसून काढणं. मग या बसणाऱ्या माणसाची जागा गेली कुठे? तिचा माग काढत मी थोडं मागे गेले.

आपल्या आजीपणजीच्या काळात आजारपण घरातच निघायचं. वैद्य यायचे, ओटीवर टेकायचे, नाडी बघायचे. बाळंतिणीसाठी अंधारी खोली, सुंभाची बाज, खाली शेगडी. सुईण पाटावर किंवा उकिडवी बसायची. आजाऱ्याजवळ बसणारं माणूस घरात असायचंच. नसायचं ते औषधाचं ज्ञान.

हे आपल्या शेजारच्या कल्याणइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक असणार? आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म १८६५चा. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचलं असतं, ही खंत त्यांना डॉक्टर होण्याकडे घेऊन गेली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ला, क्षयानं आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, खास बायकांसाठी आणि मुलांसाठी. तिथे डॉक्टरही बायकाच. इंग्लंडहून १८८३ साली आलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी ते सांभाळलं. परक्या पुरुषाला दुखणं कसं सांगायचं, म्हणून घरात कुढत राहणाऱ्या बायकांना रुग्णालयाचा उंबरा ओलांडता आला. इमारत, खाटा, औषधं, डॉक्टर असं सगळं हळूहळू उभं राहत होतं.

बसणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र दहा वर्षांनी भलत्याच रीतीनं पुढे आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. आपलं कल्याण जंक्शन, तिथे आगगाडीच्या प्रवाशांची तपासणी होऊ लागली. संशयित रोग्याला घरातून उचलून रुग्णालयात न्यायचे. आत गेलेलं माणूस परत दिसेल की नाही, त्याला पाणी कोण पाजेल, कुणाच्या हातचं पाजेल, काहीच कळायचं नाही. अफवा उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ला चिडलेल्या गिरणी कामगारांच्या जमावानं मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच.

लोक अडाणी होते, असं म्हणून हा प्रसंग सोडून देता येतो. पण लोकांची भीती नीट ऐकली तर तिच्यात एक साधी गोष्ट सापडते. आपलं माणूस जवळ बसलेलं नसेल तर तिथे मरणसुद्धा नको. पुढे १८९७मध्ये मुंबईत अनेक जमातींनी आपापली तात्पुरती प्लेग रुग्णालयं उभारली. तिथे आपली माणसं आसपास असायची. लोकांना तिथे जायला तेवढा धीर आला. त्यात जातपात होतीच, ते नाकारायचं कारण नाही. आणि त्याच प्लेगात पुण्यात सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. १० मार्च १८९७ला त्याच रोगानं त्या गेल्या. जवळ बसणं त्यांनी जातीबाहेर नेलं आणि त्याची किंमत दिली.

२०२० साली करोनानं आपल्याला पुन्हा तेच दाखवलं. संसर्गासाठी दूर ठेवणं भागच होतं. पण दाराबाहेर उभं राहून फोनच्या पडद्यावर निरोप घेतलेली घरं आपल्या आळीतही आहेत.

आता जरा खुर्चीकडे वळू. जिला आपण आधुनिक शुश्रूषेची आई म्हणतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एक फार व्यवहारी सांगणं आहे. आजाऱ्याच्या खाटेवर बसू नका, तिला टेकू नका, हलवू नका. आणि बोलायचं तर त्याच्या नजरेसमोर बसून बोला, म्हणजे त्याला मान वळवावी लागणार नाही. विचार करा, खाटेवर बसायचं नाही आणि समोर बसायचं, तर बसायला वेगळं काहीतरी लागणारच की! खुर्ची हा शुश्रूषेचाच भाग झाला.

आपल्याकडे शुश्रूषेचं शिक्षण सामान्य घरातल्या बायकांपर्यंत पोचवण्यात रमाबाई रानडे आणि १९०९ची पुण्याची सेवासदन यांचा मोठा वाटा. विधवा, परित्यक्ता बाया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. आजवर घराघरांत फुकट केलेलं 'जवळ बसणं' पगाराचं काम झालं. गंमत बघा, पगार मिळाला आणि बसणं गेलं! सिस्टर म्हणजे सदा उभी. वॉर्डातली मावशी म्हणजे सदा उभी. उभं राहणारीच कामाची, बसली ती आळशी, ही समजूत आपण कुठून आणली कोण जाणे. इंग्लंडात १८९९ साली दुकानात काम करणाऱ्या बायकांसाठी कायदा झाला, दर तिघींमागे एक बैठक ठेवलीच पाहिजे. आपल्या देशात केरळनं २०१८ला आणि तमिळनाडूनं २०२१ला दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. तोही बायकांनी मागून मागून. रुग्णालयाच्या दारातली रखवालदार बाई आठवा आणि मग सांगा, हा विषय जुना झालाय का?

खुर्चीनं आजारी माणसाला बरं वाटायला मदत होते, हे शंभर वर्षांपूर्वी क्षयाच्या डॉक्टरांना कळलं होतं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, ऊन, विश्रांती हाच उपचार. आरोग्यधामाच्या व्हरांड्यात ओळीनं आरामखुर्च्या मांडलेल्या असत. फिनलंड देशात पायमिओ गावी १९३३ साली असंच एक आरोग्यधाम पूर्ण झालं. वास्तुकार आल्व्हार आल्टो आणि त्यांची पत्नी आयनो यांनी त्यातलं सामानसुद्धा स्वतः आखलं. तिथली खुर्ची बर्चच्या लाकडाची, वाकवून केलेली. लोखंड अंगाला गार लागतं म्हणून लाकूड. पाठीचा कल असा की छाती मोकळी राहावी, श्वास सोपा जावा. आपल्या आनंदीबाईंचाही आजार क्षयच होता, हे वाचताना मला राहून राहून आठवत होतं.

दुसरं उदाहरण आईचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडले. तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. आज ती आपल्याकडेही आहे. त्यासाठी आईला तासन् तास बसावं लागतं, मागे रेललेल्या अवस्थेत. तिला पाठ नसलेलं स्टूल दिलं तर ती किती वेळ बसेल? तिथे चांगली खुर्ची बाळाच्या औषधाइतकीच गरजेची आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे बाकडं येतं ते बहुधा देणगीतून. 'यांच्या स्मरणार्थ' असं पाठीवर रंगवलेलं सिमेंटचं बाकडं स्टेशनजवळ, देवळाजवळ, तळ्याकाठी, दवाखान्याच्या आवारात, सगळीकडे दिसतं. ही चाल फार चांगली आहे. आपली महिला मंडळं, बचत गट, सोसायट्याही असं काही देत असतात. म्हणून मी जे शिकले ते तुम्हाला सांगते, म्हणजे नाव रंगवण्याआधी बाकडं तरी नीट निवडलं जाईल.

पहिली गोष्ट उंचीची. साधारण सतरा इंच उंचीची बैठक बहुतेकांना चालते. पण गुडघे दुखणाऱ्यांना, पोटुशी बाईला, खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला खुजी बैठक म्हणजे सापळाच. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. म्हणून ओळीत दोन तरी खुर्च्या एकोणीस इंचांच्या हव्यात.

दुसरी गोष्ट हातांची. उठताना माणूस हातावर जोर देतं. खुर्चीचे हात पार पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत. मात्र सगळ्याच बैठकांना मधे हात लावले तर जाडजूड बाईला, मांडीवर मूल घेतलेल्या आईला अडचण होते. आणि रात्री थकलेल्या माणसाला आडवंही होता येत नाही. म्हणून काही हाताच्या, काही बिनहाताच्या, अशी मिसळ ठेवायची.

तिसरी गोष्ट धुण्याची. कापडी गादी दवाखान्यात नकोच. रेक्झीन दिसायला छान, पण एकदा तडकलं की आतला फोम रक्त, उलटी, पाणी सगळं पितो आणि मग तो कुणी धुऊ शकत नाही. भोकाभोकांचं स्टील धुवायला सोपं, पण पावसाळ्यात अंगाला गार लागतं. प्लास्टिकची सुटी खुर्ची स्वस्त आणि हलकी, पण ओल्या फरशीवर पाय फाकून घसरते. म्हाताऱ्या माणसाला ती देऊच नये. तीन जोडलेल्या खुर्च्या जमिनीला पक्क्या बसवलेल्या असाव्यात, नाहीतर एक उठला की दुसरा हलतो.

चौथी गोष्ट जागेची. चाकाच्या खुर्चीला ओळीत मोकळी जागा ठेवायची, म्हणजे तो माणूस वाटेत उभा केल्यासारखा दिसत नाही. नंबर पुकारतात ते दार सगळ्यांना दिसायला हवं. आणि आपल्या भागात कातकरी, ठाकूर पाड्यांवरून येणाऱ्या कितीतरी बाया खुर्चीवर अवघडतात, भिंतीला टेकून जमिनीवर बसतात. त्यांना उठवून खुर्चीवर बसवण्यापेक्षा स्वच्छ, कोरडा, गुडघाभर उंचीचा एक लांब ओटा बांधावा. त्यावर मांडी घालूनही बसता येतं आणि पाय सोडूनही.

पाचवी गोष्ट, प्रत्येक खाटेशेजारी पाठ असलेली एक खुर्ची. आणि सिस्टरांच्या टेबलापाशी, मावशींच्या कोपऱ्यात, रखवालदार बाईच्या दारात एकेक.

सासूबाई आता घरी बऱ्या आहेत. त्यांच्यासाठी आम्ही हाताची, जरा उंच लाकडी खुर्ची सुताराकडून करून घेतली. उंची ठरवायला सुतारानं टेप काढला तर त्या म्हणाल्या, "टेप ठेव बाजूला. आधी मला बसून उठून बघू दे." तीन खुर्च्या बसून पाहिल्या आणि चौथी पसंत केली.

तेव्हा तुमचं मंडळ दवाखान्याला बाकडं द्यायचं ठरवेल, तेव्हा दुकानात जाताना घरातली एक सत्तरीची बाई सोबत न्या. तिला बसवा आणि कुणीही हात न देता उठायला सांगा. ती उठली तर पैसे द्या.

आज इथेच थांबते. नमस्कार.